मोठ्या जनावराचे मांस : ग्राहकाची निवड (कर्जत–खालापूर)

रायगडच्या अंतर्भागातील या दोन तालुक्यांत मांस घेणाऱ्याची पसंती चव किंवा भावाच्या आधी कायदा ठरवतो. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीवर बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैल व वळूही तिच्या कक्षेत आले. म्हशीची कत्तल प्रमाणपत्र घेऊन करता येते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही बंदी वैध ठरवली, मात्र परराज्यात कत्तल झालेल्या अशा जनावराचे मांस नुसते बाळगणे गुन्हा मानणारे कलम रद्द केले. परिणामी स्थानिक दुकानातून उघडपणे घेता येते ते म्हशी-रेड्याचेच.

भावच निर्णायक, असा आक्षेप घेतला जातो. बोकडाच्या मटणापेक्षा हे मांस स्वस्त, हे खरेच. पण तेवढ्याने निवड होत असती, तर हातात तितकेच पैसे असणारी शेजारची घरे ब्रॉयलर किंवा सुक्या जवळ्याकडे वळली नसती. धर्म, जात आणि घरची रीत भावाला आधीच मर्यादा घालतात. मुसलमान ग्राहकासाठी हलाल ही पहिली अट असते. अमेरिका-जपानात मांसातील चरबीच्या जाळीवरून प्रत ठरते. येथे तसा शिक्का नसतो, म्हणून ओळखीचा खाटीक महत्त्वाचा. म्हशीचे मांस गडद तांबडे, चरबी पांढरीशुभ्र. गाईची चरबी कॅरोटीनमुळे पिवळसर. जाणता ग्राहक हा रंग पाहतो, वास घेतो आणि मगच खिमा की नळी हे सांगतो. वयस्क जनावराचे मांस शिजायला वेळ घेते, म्हणून कोवळ्याची मागणी जास्त. वाटेत पिशवीवर संशय घेतला जाण्याची भीतीही खरी आहे, आणि कायदेशीर माल घेणाऱ्यालाही ती भोगावी लागते, हे अन्यायाचे आहे.