मोठी सडक आणि जमिनीचा मोबदला : गोंदिया प्रांतांतील कागदांच्या निमित्तानें

गोंदिया जिल्ह्यांत अर्जुनी नांवाचीं दोन तालुक्याचीं ठिकाणें आहेत. एक अर्जुनी मोरगांव व दुसरें सडक अर्जुनी. दुसऱ्या गांवाच्या नांवांतील 'सडक' म्हणजे नागपुराहून भंडारा, लाखनी, साकोली, देवरी ह्या वाटेनें रायपुराकडे जाणारी मोठी सडक होय. इंग्रजी अमदानींत हिला ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत. स्वातंत्र्यानंतर तिचा समावेश राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ मध्यें झाला व २०१० सालच्या नव्या अनुक्रमांत तिला ५३ हा क्रमांक मिळाला. गांवाच्या नांवांत शिरण्याइतका हा रस्ता लोकांच्या तोंडीं बसला; परंतु त्याच्यासाठीं जमीन कोणाची गेली व तिच्याबद्दल कोणास काय मिळालें, ह्या प्रश्नाचा विचार झालेला आमच्या पाहण्यांत क्वचितच आला आहे. लढाया, तह व वंशावळी ह्यांच्या मानानें हा विषय रुक्ष खरा. तथापि तो ज्या कागदांवर उभा आहे ते कागद झपाट्यानें नाहींसे होत आहेत, म्हणून त्याची चर्चा येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. 'मोबदला' हा शब्द अरबी 'मुबादला' ह्यावरून फारसीच्या द्वारें आपल्याकडे आला. 'बदल' हा त्याचा सगोत्र. म्हणजे मोबदल्याचा मूळ अर्थ अदलाबदल. मराठी दप्तरांत हा शब्द येतो तो पुष्कळदां ह्याच अर्थानें. एका ठिकाणची इनाम जमीन सरकारांत घेतली तर तिच्या ऐवजीं दुसऱ्या ठिकाणीं जमीन लावून द्यावयाची. जमिनीची भरपाई जमिनीनेंच होते, ही कल्पना त्या शब्दाच्या पोटांत आहे. पुढें इंग्रजी कायद्याच्या भाषांतरकारांनीं हाच शब्द रोख रकमेसाठीं योजिला. शब्द तोच राहिला, वस्तु बदलली. आजहि देवरीकडील एखादा म्हातारा शेतकरी 'मोबदला मिळाला, पण जमीन कुठं मिळाली' असें म्हणूं लागला, तर तो शब्दाच्या जुन्या अर्थास धरूनच बोलत असतो, इतकें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां जमीन कोणाची, हा दुसरा प्रश्न. हा प्रदेश नागपूरकर भोंसल्यांच्या ताब्यांत होता तोंवर पाटील हा गांवचा वसूल करून देणारा अधिकारी. त्यास जमिनीचा मालक म्हणतां येत नसे. जमीनदारांची स्थिति निराळी होती, पण तीहि सरकारच्या मर्जीवर. कामठ्याच्या चिमणा पाटलानें १८१८ सालीं आप्पासाहेबांच्या बाजूनें उठाव केला, तेव्हां कॅप्टन गॉर्डननें कामठ्याचा किल्ला घेतला आणि ती जमीनदारी त्या घराण्याकडून जाऊन लोधी घराण्याकडे गेली. मोबदल्याचा तेथें प्रश्नच नव्हता. १८५३ सालच्या डिसेंबरांत तिसरे रघोजी वारले व पुढील वर्षीं राज्य खालसा झालें. १८६१ मध्यें मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतर जो बंदोबस्त सुरू झाला त्यांत पाटलांस मालगुजार ठरवून गांवाची मालकी देण्यांत आली. भंडारा जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा लॉरेन्सकृत अहवाल १८६७ सालचा आहे. मोठ्या सडकेचें कामहि ह्याच दशकांतलें. म्हणजे ह्या प्रांतांत खाजगी मालकी व सरकारी सडक ह्या जवळजवळ जुळ्या बहिणी आहेत. ज्या वर्षांत मालक कोण हें ठरत होतें, त्याच वर्षांत त्याच्या शेतांतून सडकेची आंखणी होत होती. अशा वेळीं मालगुजाराचें नांव पुढें येणें व प्रत्यक्ष नांगर धरणाऱ्या रयतेचें नांव मागें पडणें हें ओघानेंच आलें.

त्या काळीं लागू असलेला कायदा म्हणजे १८५७ चा ६ वा. सार्वजनिक कामासाठीं जमीन घेण्याचा, सर्व कंपनी सरकारच्या मुलखास लागू असा हा पहिला कायदा. त्यांत कलेक्टरानें समजुतीनें रक्कम ठरवावी, समजूत न पटल्यास वाद लवादाकडे द्यावा, व लवादाचा निर्णय अखेरचा समजावा, अशी व्यवस्था होती. लांचलुचपत अथवा गैरवर्तन सिद्ध झाल्याशिवाय त्यास हात लावतां येत नसे. ही पद्धत तेरा वर्षेंच टिकली. लवाद अननुभवी, प्रसंगीं भ्रष्टहि, अशी ओरड झाल्यामुळें १८७० च्या १० व्या कायद्यानें ती मोडून प्रकरण असेसरांसह बसणाऱ्या दिवाणी न्यायालयाकडे सोंपविलें. जमीन मालकाच्या इच्छेविरुद्ध घेतली जाते म्हणून बाजारभावावर शेंकडा १५ अधिक देण्याचें तत्त्वहि ह्या कायद्यांत आहे. १८९४ च्या पहिल्या कायद्यानें असेसर काढून टाकले. शेंकडा १५ कायम ठेवले. हाच कायदा पुढें एकशें वीस वर्षें चालला. १९८४ सालीं १५ चे ३० झाले.

येथें थोडें थांबून ही जमीन कशी असते तें पाहणें जरूर आहे. कारण कायदा कलकत्त्यास झाला व जमीन वैनगंगेच्या खोऱ्यांतली आहे. हा मुलूख धानाचा. शेत म्हणजे एक सलग तुकडा नव्हे, तर मातीच्या धुऱ्यांनीं वेढलेल्या लहानमोठ्या बांध्यांची उतरंड असते. वरच्या बांधींतलें पाणी खालच्या बांधींत, तेथून आणखी खालीं, असें उतरत जातें. त्याच्या माथ्यावर बोडी किंवा तलाव. कोहळी लोकांनीं बांधलेल्या ह्या तलावांची कीर्ति सर्वांस माहीत आहे. नवेगांव बांध हा त्यांतला शिरोमणि. आतां अशा उतरंडीच्या मधून सडकेचा उंच भराव गेला म्हणजे काय होतें? ज्याची पाव एकर जमीन सडकेंत गेली त्यास पाव एकराचे पैसे मिळतात. परंतु भरावाच्या एका अंगास पाणी तुंबून धान सडतें व दुसऱ्या अंगास पाणी न पोंचल्यामुळें तें वाळतें. मोरी कोठें ठेवली ह्यावर चार घरांचें वर्ष अवलंबून असतें. नुकसान घेतलेल्या जमिनीचें थोडें व राहिलेल्या जमिनीचें पुष्कळ, असा हा प्रकार आहे.

कायद्यास हें ठाऊक नव्हतें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १८९४ च्या कायद्याच्या २३ व्या कलमांत जमिनीचे तुकडे पडल्यानें होणाऱ्या व उरलेल्या मिळकतीस पोंचणाऱ्या नुकसानीचीं स्वतंत्र सदरें आहेत. आजच्या महामार्ग कायद्याच्या ३-ग कलमांतहि तीं आहेत. शिवाय वहिवाटीच्या हक्कास बाध आल्यास ठरलेल्या रकमेच्या शेंकडा १० रक्कम देण्याची तरतूदहि त्याच कलमांत आहे. पण हें मागावयाचें तर पाणी पूर्वीं कोठून कोठें जात होतें हें दाखवावें लागतें. दाखवावयाचें कशानें? बंदोबस्ताच्या मिसलींतील नकाशानें, निस्तारपत्रकानें, आणि 'वाजिब-उल-अर्ज' ह्या नांवाच्या गांवरिवाजाच्या कागदानें. ज्या घरीं हे कागद नाहींत त्या घरचें पाणी सरकारी हिशेबीं कधीं वाहिलेंच नव्हतें!

आगगाडीचा भाग येथें थोडक्यांत उरकतों. १८८० च्या दशकांत नागपुराहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला व १८८७ नंतर तो बंगाल-नागपूर कंपनीकडे आला. तो सडकेच्या उत्तरेकडून गेल्यामुळें गोंदियाचें भाग्य उघडलें व मोठी सडक कांहीं काळ मागें पडली. मोटारींच्या युगानें ती पुन्हां पुढें आणली.

मध्यंतरीं मालकीचीच उलथापालथ झाली. मध्यप्रदेशच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी व जमीनदारी हक्क संपले आणि ३१ मार्च १९५१ रोजीं ते हक्क, तलावांसुद्धां, सरकारांत निहित झाले. मालगुजारांस निव्वळ उत्पन्नाच्या पटींत मोबदला मिळाला. १९५४ च्या मध्यप्रदेश जमीन महसूल संहितेनें भूमिस्वामी व भूमिधारी असे दोन वर्ग केले. विदर्भ महाराष्ट्रांत आल्यावर १९६६ च्या संहितेनें पुन्हां नांवें बदलून भोगवटादार वर्ग १ व वर्ग २ झाले. भूमिधारीची जमीन वर्ग २ मध्यें गणली गेली. एकाच शेताचा धारक आजोबाच्या वेळीं रयत, बापाच्या वेळीं भूमिधारी व नातवाच्या वेळीं वर्ग २ चा भोगवटादार, अशीं तीन नांवें धारण करतो. आणि मोबदल्याच्या चौकशींत ह्या तिन्हींची सांखळी जुळवून देण्याचा भार त्या नातवावर पडतो. वाटण्या तोंडीं झालेल्या, बहिणींचीं नांवें लावावयाचीं राहिलेलीं, अशीं घरें ह्या भागांत थोडीं नाहींत.

ह्या स्थितींत सडक रुंद करण्याचें प्रकरण आलें. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यांत १९९७ सालीं नवीं कलमें घालण्यांत आलीं. उद्देशाची अधिसूचना, २१ दिवसांत हरकती, मग घोषणा. घोषणा होतांच जमीन केंद्र सरकारची. रक्कम सक्षम प्राधिकारी ठरविणार व ती मान्य नसल्यास केंद्र सरकारनें नेमलेला लवाद. १८७० सालीं जी लवादपद्धति दोषयुक्त म्हणून टाकून दिली तीच सव्वाशें वर्षांनीं परत आली, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकास मौजेचा वाटल्यावांचून राहणार नाहीं. शेतकऱ्यास तो तितका मौजेचा वाटला नसावा. शिवाय कलम ३-त्र अन्वयें १८९४ चा कायदा ह्या संपादनास लागू नाहीं असें ठरविल्यामुळें सक्तीबद्दलची शेंकडा ३० रक्कमहि बुडाली. साकोली ते देवरी ह्या टापूंतील चौपदरीकरण ह्याच कायद्याच्या काळांतलें आहे. कालव्यासाठीं जमीन गेली तर ३० टक्के अधिक, आणि शेजारच्याची तीच जमीन महामार्गासाठीं गेली तर कांहीं नाहीं, असा हा भेद होता.

ह्या भेदाचें उत्तर मात्र फार पूर्वीं आमच्याच नागपुरांतून निघालें होतें. नागपूर सुधार प्रन्यासाच्या १९३६ च्या कायद्यांतहि हा अधिक आकार मिळत नसे. नागपूर सुधार प्रन्यास विरुद्ध विठ्ठलराव ह्या खटल्यांत १९७२ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं निर्णय दिला, कीं जमीन कोणत्या कामासाठीं व कोणत्या कायद्यानें घेतली एवढ्यावरून मालकास कमी मोबदला देणें हें समानतेच्या हक्काविरुद्ध आहे. १९९७ सालीं कायदा करणारांस ह्या निर्णयाचें विस्मरण झालें असावें. त्याचा आधार घेऊन १९ सप्टेंबर २०१९ रोजीं, पंजाबांतील एका प्रकरणांत, सर्वोच्च न्यायालयानें ३-त्र कलम तेवढ्यापुरतें रद्द ठरविलें. दरम्यान २०१३ चा नवा भूमिसंपादन कायदा येऊन त्यांतील शेंकडा १०० दिलासा रक्कम १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांसहि लागू झाली होती. प्रश्न उरला होता तो १९९७ ते २०१४ ह्या वर्षांचा. २०१९ चा निर्णय पुढील काळापुरताच धरावा ही महामार्ग प्राधिकरणाची विनंति ४ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमान्य झाली. लवादाच्या बाबतींत, रक्कम न्यायालयास वाढवितां येत नाहीं, फार तर निवाडा रद्द करतां येतो, असें २०२१ सालीं ठरलें होतें. एप्रिल २०२५ मध्यें पांच न्यायाधीशांनीं मर्यादित फेरफाराची मुभा दिली.

आमच्या मतें हा सर्व इतिहास संग्राहकांच्या कामाचा आहे तो पुढील कारणानें. हस्तलिखितांचा शोध घेत आपण गांवोगांव हिंडतों, तेव्हां पोथ्या व मोडी फर्मानें बाहेर काढून उरलेला गठ्ठा 'अलीकडचे सरकारी कागद' म्हणून तसाच पेटाऱ्यांत टाकतों. त्या गठ्ठ्यांत पटवाऱ्याच्या हातची खसऱ्याची नक्कल असते, बंदोबस्ताची पर्ची असते, मालगुजारानें दिलेली पावती असते; क्वचित् आंब्यांची व मोहांची मोजदाद केलेला निवाडाहि असूं शकतो. कायद्याप्रमाणें महामार्गाच्या अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांतील एका देशी भाषेच्या पत्रांत, छापावा लागतो. तेव्हां जुन्या वृत्तपत्रांच्या त्या बारीक अक्षरांतील याद्या म्हणजे गटवार, क्षेत्रवार मांडलेली गांवची जमाबंदीच होय. त्याहि जपून ठेवाव्या. नागपूर ते गोंदिया अशा नव्या द्रुतगती मार्गाची योजना शासनानें पुढें मांडली आहे. साकोली, सडक अर्जुनी व देवरी ह्या तालुक्यांतील ज्या सदस्यांकडे १८६० नंतरच्या बंदोबस्ताच्या मिसली किंवा वाजिब-उल-अर्जाच्या नकला असतील, त्यांनीं त्यांची यादी करतांना गांव, खसरा क्रमांक व कागदावरील तारीख एवढीं तीन सदरें अवश्य घालावीं, व मूळ कागद त्या त्या घरींच राहूं द्यावा.