चांद्याहून एव्हरेस्टकडे

आपल्या चांदा-गडचिरोलीकडच्या माणसाने डोंगर पाहिला तो माणिकगडचा, फार तर टिपागडचा. आणि बर्फ पाहिला तो महाकालीच्या यात्रेतल्या गोळ्यात. त्यामुळे १६ मे २०१८ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे चार विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, आणि दुसऱ्या दिवशी पाचवा, ही वार्ता आली तेव्हा पुष्कळांच्या तोंडून एकच उद्गार निघाला, "जंगलातली मुलं ती, काटक असायचीच!" मला तो तेव्हाही रुचला नाही.

चंद्रपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरही उंच नाही. येथला उन्हाळा सोसला म्हणून विरळ हवा सोसत नाही. एव्हरेस्ट ८,८४८ मीटर; माथ्यावर हवेचा दाब आपल्याकडच्या जेमतेम एक तृतीयांश. पाणी सत्तर अंशांच्या आसपासच उकळू लागते. त्यात डाळ शिजेल का, हे भगिनींना सांगायला नको! प्यायचे पाणीसुद्धा बर्फ वितळवून करायचे. वरच्या तळावर चढायचे, झोपायला पुन्हा खालच्या तंबूत यायचे. शरीराला सवय होईपर्यंत हीच येरझार.

ही विद्या रक्तातून येत नाही. आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मध्ये ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह अशी तालीम झाली होती. 'काटक' म्हटले की ते सारे कष्ट पुसले जातात.

उमाकांत मडावी, परमेश आळे, कविदास काठमोडे, विकास सोयाम आणि मनीषा धुर्वे ही ती पाच नावे. मनीषा पोहोचली तो दिवस मला विशेष वाटतो. १९७५ साली १६ मे रोजीच जपानच्या जुंको ताबेई एव्हरेस्टवर पोहोचल्या. तेथे पोहोचलेली ती पहिली स्त्री. १९६९ साली त्यांनी केवळ स्त्रियांचे गिर्यारोहण मंडळ काढले होते. म्हणजे महिला मंडळच की! पैसे मागायला गेल्या तर घरी बसून मुले वाढवा, असे ऐकावे लागले. मोहिमेत तळावर हिमकडा कोसळला, त्याखाली त्या गाडल्या गेल्या. शेर्पांनी ओढून काढले. बाराव्या दिवशी त्या माथ्यावर होत्या.

पैसा तुटपुंजा, म्हणून या बायकांनी मोटारींच्या जुन्या बैठकांपासून पाणी न झिरपणारे हातमोजे शिवले होते. आमच्या शिवणवर्गात मी हे सांगितले तेव्हा एव्हरेस्टबद्दल कोणी काही विचारले नाही. एकीने मान वर करून विचारले, "एवढं जाड कापड, सुई कोणती घेतली हो त्यांनी?"