जुन्याची डागडुजी

आश्विन लागला, पाऊस ओसरला, कीं आपल्याकडे घर उपसण्याचा हंगाम सुरू होतो. माळ्यावरचीं भांडीं खालीं येतात, मोडक्या खुर्च्या अंगणांत निघतात, आणि प्रत्येक वस्तूपाशीं तोच प्रश्न उभा राहतो: ही दुरुस्त करावयाची कीं मोडींत घालावयाची? प्रश्न दिसावयास घरगुती. परंतु गांवांचा आणि राज्यांचा इतिहासहि पुष्कळ अंशीं याच प्रश्नाच्या उत्तरांनीं घडलेला आहे. हें ज्यास पडताळून पाहावयाचें असेल त्यानें शरदांतील निवळ सकाळीं मनमाडांत पायीं हिंडावें. धुळीचा पडदा नसल्यामुळें दक्षिणेकडे अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले स्पष्ट दिसतात, आणि पायाशीं रुळांचें जाळें पसरलेलें असतें.

प्रथम किल्ल्याकडे पाहूं. मोगलांनीं १६३५ मध्यें घेतलेला अंकाई १८१८ च्या एप्रिलांत लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या इंग्रजी फौजेच्या स्वाधीन झाला. पुढें त्याच्या तटांवर पहारा करण्याचें प्रयोजनच उरलें नाहीं. किल्ला वर्षानुवर्षें उभा राहतो तो केवळ चुन्याच्या बळावर नव्हे; पावसाळ्यानंतर निखळलेला चिरा पुन्हा बसविणारीं माणसें त्यास लागतात. काम संपलें, माणसें गेलीं, आणि चिरे जेथें पडले तेथेंच राहिले.

आतां नजर खालीं रुळांकडे वळवूं. मुंबई-भुसावळ मार्गावरील या ठिकाणास दौंडचा फांटा १८७८ मध्यें येऊन मिळाला. त्याच्या मातीकामावर नुकत्याच होऊन गेलेल्या मोठ्या दुष्काळांतील उपाशी लोक राबले होते. पुढें १९०० च्या सुमारास निजामच्या राज्यांतून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज गाडी येथपर्यंत आली. तिचे रूळ अरुंद, इकडचे रुंद. म्हणून मालाचें पोतें येथें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावें लागे. १९९० नंतरच्या दशकांत तो मार्ग रुंद करण्यांत आला. अरुंद रुळांची कितीहि डागडुजी केली असती तरी ती चढउतार चुकली नसती. जुन्याविषयींची हळहळ आम्हांसहि वाटते. परंतु येथें टाकणेंच शहाणपणाचें होतें.

याच रुळांच्या कडेला तिसरें उदाहरण आहे, आणि तें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें. १९०६ मध्यें जी. आय. पी. रेल्वेनें येथें पुलांच्या लोखंडी कामाचा कारखाना काढला. जुन्या पद्धतीचा गर्डर लोखंडी पट्ट्या रिव्हेटांनीं जोडून केलेला असे. रिव्हेट लाल तापवून भोकांत घालावयाचा आणि दुसऱ्या बाजूनें ठोकून त्याचें डोकें बनवावयाचें; थंड होतांना तो आकसतो आणि पट्ट्या घट्ट आवळतो. यांतील मर्म असें कीं, ढिला झालेला रिव्हेट हातोडीनें ठोकतांच आवाजावरून ओळखूं येतो. तेवढाच तोडून नवा बसवितां येतो, आणि पूल उभाच राहतो. प्लूटार्कनें सांगितलेल्या थीसिअसच्या नौकेच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तेव्हां ती तीच नौका राहिली कीं नाहीं, यावर ग्रीक तत्त्वज्ञ वाद घालीत. मनमाडच्या कारागिरास त्या वादाची सवड नव्हती; गाडी सुखरूप पलीकडे गेली कीं पूल तोच!

उलट, ढिलाई वेळींच न कळली तर काय होतें हेंहि या गांवानें पाहिलें. २०२३ च्या नोव्हेंबरांत येथील रेल्वेवरून जाणाऱ्या, इंग्रजी अमदानींतील रस्त्याच्या पुलाचा एक भाग ढासळला आणि पुणें-इंदूर मार्गाची रहदारी अडली. वस्तु जुनी असणें हा दोष नव्हे. तिच्यावरील लक्ष उडणें हा दोष होय.

परंतु हें लक्ष ठेवणारा कोण? १२ व १३ फेब्रुवारी १९३८ या दिवशीं याच मनमाडांत जी. आय. पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं भरली. रूळ सांभाळणारा अस्पृश्य गँगमन जन्मभर गँगमनच राहतो, वरच्या जागेवर त्यास चढूं दिलें जात नाहीं, हें त्यांनीं तेथें स्पष्ट मांडलें. ज्याच्या हातोडीवर हजारों प्रवाशांचे प्राण अवलंबून, त्याचाच हात समाजानें हलका मानला. कल्हईवाला, शिकलगार, बुरूड, जात्यास टाकी लावणारा, यांची कथा फारशी निराळी नाहीं. भांडें चकचकीत हवें, पण तें करणारा ओटीवर नको, असा आपला न्याय! त्यांच्या मुलांनीं तो धंदा सोडला यांत नवल तें काय?

तेव्हां माळ्यावरून उतरलेल्या वस्तूचें वय मोजीत बसूं नये. तिला कांहीं काम उरलें आहे काय, आणि तिचा सांधा जाणणारा हात गांवांत उरला आहे काय, एवढेंच विचारावें. काम उरलें नसेल तर ती निःशंकपणें मोडींत घालावी. काम असून हात नसेल, तर तें नुकसान एका घराचें नव्हे, साऱ्या गांवाचें आहे. आणि दोन्ही असतील, तर नव्या वस्तूच्या किंमतीचा दाखला देऊन घासाघीस न करतां कारागिरास ओटीवर बसवावें व पुरी मजुरी द्यावी. पुढल्या आश्विनांत तो पुन्हा आपल्या दारीं येईल कीं नाहीं, हें त्यावरच ठरणार आहे.