सिक्रेटिनची हकिकत

मूल स्वमग्न असलेले आईवडील नवा उपाय ऐकला की धावतात, याला आपण चटकन भोळेपणा म्हणतो. तो कितपत खरा, हे सिक्रेटिनच्या हकिकतीवरून पाहू.

सिक्रेटिन हे ओळखले गेलेले पहिले संप्रेरक. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडले व तेथे आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस पाझरला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता! पुढे स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी सिक्रेटिन टोचण्याची पद्धत रूढ झाली.

१९९६ साली अमेरिकेत जुनाट जुलाब असलेल्या एका स्वमग्न मुलाची अशी तपासणी झाली. जुलाब कमी झाले. शिवाय मुलगा नजर देऊ लागला, बोलू लागला, असे आईवडिलांना दिसले. १९९८ साली डॉक्टरांनी अशा तीन मुलांचा अहवाल छापला, दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाला आणि हजारो मुलांना सिक्रेटिन टोचले गेले. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर तेव्हा औषध नव्हते. त्यातून, काही दशकांपूर्वी ‘आई मायेने वागत नाही म्हणून मूल असे होते’ असे तज्ज्ञच सांगत होते. दोष आतड्यात निघाला, तर आईवरचा कलंक पुसला जाणार होता. ही ओढ आम्हाला तरी भोळेपणाची वाटत नाही.

मग उत्तर कॅरोलिना राज्यात ६० मुलांवर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून निम्म्यांना सिक्रेटिनचे एक इंजेक्शन दिले, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कोणाला काय मिळाले, हे पालकांना ठाऊक नव्हते आणि मुलांना तपासणाऱ्यांनाही नव्हते. डिसेंबर १९९९ मध्ये निष्कर्ष आला: सुधारणा दोन्ही गटांत दिसली, सिक्रेटिन सरस ठरले नाही.

मग पालक खोटे बोलत होते का? मुळीच नाही. मूल वाढतच असते, आणि त्याच्या तक्रारी कमीजास्त होतात. उपाय शोधला जातो तो बहुधा त्या शिगेला पोचल्यावर, आणि आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना प्रत्येक नवा शब्द टिपता येतो. चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्या मुलांना आपण जादा तास लावतो. पुढच्या चाचणीत त्यांतली बरीच जणे वर येतात. तास न लावता किती वर आली असती, हे आपण कधी पाहतो का? मिठाच्या पाण्याचा गट नेमके तेवढेच दाखवतो.

पुढे २००४ साली एका कंपनीची मोठी चाचणीही फसली. २०१२ सालच्या एका आढाव्यात १६ चाचण्या व ९०० हून अधिक मुले होती. त्यातही गुण आढळला नाही.

१९९९ च्या प्रयोगातील पालकांना निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांनी सिक्रेटिनमध्ये रस असल्याचे कळवले. गट निम्मेनिम्मे होते; तेव्हा या ६९ टक्क्यांत मिठाचे पाणी मिळालेल्या काही मुलांचे पालकही असलेच पाहिजेत.