‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’: एका वाक्याचा मागोवा

सकाळी दुधाची पिशवी कापायला गेली की मावशीच्या हातातून कात्री सुटायची. बोटं मिटायचीच नाहीत. साडेदहाच्या सुमारास मात्र तीच मावशी भाकऱ्या थापायची. दीड वर्षात तीन डॉक्टर झाले, रिपोर्टांनी प्लॅस्टिकची पिशवी फुगली. हिमोग्लोबिन ठीक, थायरॉइड ठीक, संधिवाताची रक्ततपासणी निगेटिव्ह. तिसऱ्या डॉक्टरांनी कागद चाळले आणि मान वर न करताच म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका.” परत येताना रिक्षात मावशीने मला विचारलं, “म्हणजे मी सोंग करतेय का गं?”

ते डॉक्टर काही वाईट नव्हते. बाहेर चाळीसेक माणसं नंबर लावून बसली होती. ते वाक्यही त्यांचं स्वतःचं नव्हतं, फार लांबून चालत त्यांच्यापर्यंत आलं होतं. कुठून, ते शोधायला निघाले आणि थेट इजिप्तला पोचले.

१८८९ साली फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमधल्या लाहूनजवळ पपायरसचे तुकडे सापडले. त्यांतला एक सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीचा, स्त्रियांच्या दुखण्यांवरचा. त्यातली पहिलीच रुग्ण आहे डोळे आणि मान दुखणारी बाई. वैद्याने काय निदान सांगायचं तेही लिहून ठेवलंय: दोष गर्भाशयाचा. पुढे कुणाचे पाय दुखतात, कुणाच्या दाढा. बोट पुन्हा गर्भाशयाकडेच. ग्रीकांनीही हेच धरून ठेवलं. त्यांच्या भाषेत गर्भाशय म्हणजे ‘हिस्टेरा’. त्यावरूनच पुढे ‘हिस्टेरिया’ हा शब्द आला आणि जगभर पसरला.

एक गोष्ट मात्र इथे लक्षात ठेवायला हवी. हे निदान चुकीचं होतं, पण बाईचं दुखणं खोटं आहे असं त्या वैद्याने म्हटलं नव्हतं. जुन्या वैद्यकात रुग्णाच्या सांगण्याला मोठं स्थान होतं. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात रुग्णाच्या परीक्षेचे तीन मार्ग सांगितलेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. विचारणं हीसुद्धा तपासणीच. अठराव्या शतकात एडिनबरोचे विल्यम कलन तर कधी न पाहिलेल्या रुग्णांनाही पत्रातून सल्ला द्यायचे. रुग्णाने लिहिलेली हकिकत त्यांना पुरेशी वाटायची.

मग १८१६ साल आलं. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक यांच्यासमोर हृदयाच्या तक्रारीची एक तरुणी होती. अंगाने स्थूल, त्यामुळे छातीवर ठोकून काही कळेना. तरुण बाईच्या छातीला कान लावणं त्या काळी शोभलं नसतं. लेनेक यांनी कागदाची गच्च सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं. हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ऐकू आले. त्या सुरळीतून स्टेथोस्कोप जन्माला आला, आणि त्याने आजवर किती जीव वाचवले याची गणती नाही. पण त्याच दिवशी आणखी एक बदल सुरू झाला. आजार आता रुग्णाला न विचारताही कळू शकत होता. छाती बोलू लागली, तसं तोंडाचं बोलणं मागे पडत गेलं.

पुढे रुग्णालयांत थर्मामीटर आला, सूक्ष्मदर्शक आला. या नव्या साधनांत ज्याचा पुरावा सापडेना, त्या दुखण्याचं काय करायचं? पॅरिसच्याच साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तें शार्को यांनी अशा, हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्या बायकांना गांभीर्याने घेतलं, हेही मोठंच काम होतं. पण आंद्रे ब्रुइये यांनी १८८७ साली काढलेलं शार्कोंच्या वर्गाचं चित्र पाहा. पुरुषांनी भरलेली खोली, पुढे शार्को समजावून सांगताहेत, आणि शेजारी एक बाई भान हरपून मागे कललेली. खोलीत सगळे तिच्याविषयी बोलताहेत आणि बोलू शकत नाही ती एकटी तीच.

१८९५ हे वर्ष मला या सगळ्या प्रवासातला तिठा वाटतं. त्या वर्षी ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरचा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. एकाने शरीराच्या आतलं दाखवलं, दुसऱ्यांनी मनाच्या आतलं. फ्रॉइड निदान तासन्‌तास ऐकून तरी घेत. गर्दीच्या दवाखान्यांत मात्र या दोन शोधांचा एक सोपा हिशेब होऊन बसला: फोटोत दिसलं तर शरीराचं, नाही दिसलं तर मनाचं. ‘सापडलं नाही’ आणि ‘नाही’ यांतलं अंतर तिथे पुसलं गेलं. मावशीला ऐकवलेलं वाक्य या हिशेबातून आलंय.

हा हिशेब किती चुकतो, तेही दिसत गेलं. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्या ८५ रुग्णांचं पुढे काय झालं, याचा माग घेतला. १९६५ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. कित्येकांना नंतर मेंदूचे, मज्जासंस्थेचे खरेखुरे आजार निघाले होते, काही तोवर दगावलेही होते. त्याआधी १९५५ साली लंडनच्याच रॉयल फ्री रुग्णालयातले २९२ कर्मचारी एका गूढ आजाराने पडले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुने केस पेपर वाचून हा सामूहिक हिस्टेरिया असल्याचं जाहीर केलं. आजारी पडलेल्यांत बायका जास्त, हा त्यांचा एक मुद्दा होता. लाहूनच्या वैद्याचं बोट अजून तिथेच होतं.

आपल्याकडे तर बाईची तक्रार डॉक्टरपर्यंत पोचणं हीच पहिली लढाई होती. आनंदीबाई जोशी यांनी चौदाव्या वर्षी दहा दिवसांचं मूल गमावलं. १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण अमेरिकेला का निघालो ते सांगितलं: या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, कारण पुरुषापुढे बायका दुखणं उघड करत नाहीत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा रुग्णालय उघडलं. त्या पिढीने दार उघडून दिलं. आत गेल्यावर ऐकून घेतलं जाईल, हे अजून मिळवायचं आहे.

त्यात वेळेची मारामार आहेच. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकल यांनी ७४ भेटींचा अभ्यास केला. रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत. भारतात प्राथमिक उपचारांसाठी गेलेल्या रुग्णाला डॉक्टरांची सरासरी दोनच मिनिटं मिळतात, असं २०१७ साली एका जागतिक आढाव्यात दिसलं. दोन मिनिटांत कागद वाचून होतो, माणूस नाही. हा दोष एकट्या डॉक्टरच्या माथी मारता येणार नाही. पण त्याची किंमत रुग्णच मोजतो.

तरी रुग्णांनी बोलणं सोडलं नाही. २०२० च्या मे महिन्यात एलिसा पेरेगो या आजारी संशोधक बाईने आपल्या न सरणाऱ्या आजाराला ‘लाँग कोविड’ म्हटलं. आधी रुग्णांनी नाव ठेवलं, मग वैद्यकाने ते उचललं. रॉयल फ्रीच्या साथीशी ज्याचं नाव जोडलं जातं, त्या दीर्घ थकव्याच्या आजारात वर्षानुवर्षं व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला दिला जायचा. त्याने आम्ही जास्त खालावतो, असं रुग्ण सांगत राहिले. २०२१ साली ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांतून तो सल्ला काढून टाकण्यात आला.

मावशीला चौथ्या डॉक्टर भेटल्या. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, “सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?” मावशी म्हणाली, “साडेदहा वाजतात. तोवर दुधाची पिशवीसुद्धा कापता येत नाही.” रक्ततपासणी निगेटिव्ह असूनही संधिवात असू शकतो आणि सकाळचा असा तासन्‌तास टिकणारा ताठरपणा ही त्याची मोठी खूण असते, हे त्यांनी आम्हाला नंतर समजावलं. त्याआधी त्यांनी पेन उचललं आणि दुधाच्या पिशवीचं ते वाक्य जसंच्या तसं केस पेपरवर लिहून घेतलं.