विद्यापीठ कोळीवाड्यात जाते

समाजोपयोगी उद्योग काढू पाहणाऱ्या तरुणांसाठी हल्ली विद्यापीठांतून व्याख्याने नि प्रशिक्षणवर्ग भरतात. श्रोतेहो, ही कल्पना नवी वाटते खरी. पण तिचा एक खटपटी पूर्वज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशिया प्रांतात होऊन गेला.

तिथे अँटिगोनिश या लहानशा गावी सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठ आहे. तेथील फादर जिमी टॉम्पकिन्स यांनी १९२१ साली एक पत्रक काढले. म्हणणे एवढेच, की विद्या सामान्य माणसाच्या दारी न्या. पुढे दुसऱ्याच एका वादात वरिष्ठांशी बिनसले आणि त्यांची रवानगी कॅन्सो या मच्छीमारांच्या बंदरात झाली. शिक्षा म्हणून धाडलेला हा गृहस्थ तिथे कामालाच लागला! १ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या संघराज्याला साठ वर्षे झाली. देशभर समारंभ चालले असता कॅन्सोच्या कोळ्यांनी सभा भरवून विचारले, की आम्ही आनंद कसला मानायचा? सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. विद्यापीठाने १९२८ मध्ये विस्तार विभाग काढला आणि तो टॉम्पकिन्स यांचे नातलग फादर मोझेस कोडी यांच्या हाती दिला.

कोडी गावोगाव मोठी सभा घेत. पण खरे काम सभा पांगल्यावर सुरू होई. शेजारचे आठ-दहा जण आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमत, विद्यापीठाने धाडलेली पुस्तिका वाचत आणि हिशेब मांडत. आपण धरलेली शेवंड किती पैशांना गेली? गिऱ्हाइकाने काय मोजले? मधले कुणाच्या खिशात गेले? भांडवलाची गोष्ट त्यानंतर. (आम्हा प्राध्यापकांना बोलणे आवरून ऐकत बसणे किती जड जाते, हे मी जाणतो.)

अशा बैठकींतून पतपेढ्या निघाल्या, सहकारी दुकाने निघाली. लिटल डोव्हरच्या कोळ्यांनी तर स्वतः खपून शेवंड डबाबंद करण्याचा कारखाना उभारला. निवडक कार्यकर्त्यांसाठी विद्यापीठात काही आठवड्यांचे वर्गही चालत; पण ते कार्यकर्ते गावच्या मंडळांत तावून निघालेले असत.

सगळेच टिकले असे नाही. १९३० मध्ये स्थापन झालेला मच्छीमारांचा महासंघ १९८० च्या दशकात दिवाळखोरीत गेला. कोडी १९५९ मध्ये वारले. त्याच वर्षी विद्यापीठाने त्यांच्या नावाची संस्था काढली, आणि आशिया-आफ्रिकेतील कार्यकर्ते शिकण्यासाठी अँटिगोनिशला येऊ लागले.