स्ट्रीक तुटली की व्यायामही का सुटतो? फोनकडून नेमकं कोणतं काम करून घ्यायचं

मागच्या वर्षी एका रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी मी गादीवर पडून फोन हातात धरून हलवत होतो. संध्याकाळपासून अंगात ताप होता. ॲपमध्ये ९,४०० पावलं दिसत होती आणि ११२ दिवसांची स्ट्रीक तुटायला वीस मिनिटं उरली होती. फोन हलवून हलवून ६०० पावलं भरली. दुसऱ्या दिवशी ताप १०२ वर गेला, दिवसभर झोपून होतो, स्ट्रीक शून्य झाली. त्यानंतर सात महिने मी एकदाही मुद्दाम चालायला गेलो नाही.

मग कंपनीची वार्षिक तपासणी झाली. एचबीएवनसी ५.९ आलं. ही टेस्ट साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते, आणि ५.७ ते ६.४ हा पट्टा प्रीडायबेटिसचा धरतात. वय २७. बाबांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे या आकड्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सुटलेला व्यायाम परत सुरू करायच्या आधी हे ॲप आतून काय करतं आणि माझं नेमकं कुठे बिनसलं, हे शोधलं. या लेखात तेच आहे.

फोन पावलं मोजतो कसा?

फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर नावाचा सेन्सर असतो. सिलिकॉनच्या चिपवर अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं एक वस्तुमान असतं. फोन हलला की ते सरकतं आणि त्यामुळे विद्युत धारिता बदलते. त्यावरून तीन दिशांतला वेग किती बदलतोय ते कळतं. चालताना या आकड्यांमध्ये ठरावीक लयीत चढउतार येतात, सेकंदाला साधारण दोन. ही लय ओळखायची आणि शिखरं मोजायची, एवढाच खेळ.

अँड्रॉइडमध्ये यासाठी वेगळा स्टेप काउंटर सेन्सर २०१३ मध्ये, ४.४ किटकॅटपासून आला. त्याच वर्षी आयफोन ५एसमध्ये एम७ ही वेगळी चिप आली. मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही हे मोजमाप चालू राहतं, म्हणून बॅटरी फारशी जात नाही.

आता यातली गोम अशी, की फोनला तुम्ही दिसत नाही, फक्त लय दिसते. म्हणूनच माझी गादीवरची चोरी चालली. खड्ड्यांच्या रस्त्यावर बाइक चालवली तरी खिशातल्या फोनमध्ये थोडी पावलं वाढू शकतात. आईच्या हातातल्या बँडवर पोळ्या लाटताना पावलं वाढतात, आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलत फिरली तर हात स्थिर असल्यामुळे कमी मोजली जातात. तिचं म्हणणं, "बरोबरच आहे की, पोळ्यांनाच जास्त कष्ट पडतात."

कॅलरीच्या आकड्यावर तर याहून कमी विश्वास ठेवा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहा उपकरणांनी ठीक मोजले. खर्च झालेली ऊर्जा मात्र सर्वात चांगल्या उपकरणानेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकवली, आणि सर्वात वाईटाने ९३ टक्क्यांनी. बँडने ३५० कॅलरी दाखवल्या म्हणून वर मिसळ खाल्ली, हा हिशोब बसत नाही. मी तो बरेच दिवस बसवत होतो.

१०,००० आकडा कुठून आला?

एका जपानी कंपनीच्या यंत्राच्या नावावरून. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मोजयंत्र. लक्षात राहणारा गोल आकडा होता, तो जगभर पसरला आणि नंतर कित्येक ॲप्समध्ये डीफॉल्ट बनून बसला.

आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १६,७४१ अमेरिकन महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलांवाल्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढणं थांबलं. हा अभ्यास वयस्कर महिलांचा आहे, तो पंचविशीतल्या मुलाला जसाच्या तसा लागू करू नका. पण ९,४०० म्हणजे नापास आणि १०,००० म्हणजे पास, अशी रेघ शरीरात कुठेही नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस तर दिवसावर नाहीच. मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि आठवड्यातून किमान दोनदा स्नायूंना ताकद देणारा. आठवडा हे माप धरलं की तापाचा एक दिवस आपोआप माफ होतो.

स्ट्रीक म्हणजे फक्त एक व्हेरिएबल

कोड लिहिणाऱ्याच्या नजरेने बघा. आज ध्येय पूर्ण झालं तर त्यात एक मिळव, नाहीतर शून्य कर. दोन ओळींचं काम. त्या शून्यात ११२ दिवसांचं चालणं पुसलं जात नाही. पायातली ताकद, दमसास सगळं दुसऱ्या दिवशी जवळपास तिथेच असतं. शून्य होतो तो फक्त सर्व्हरवरचा आकडा. पण स्क्रीनवर तोच सगळ्यात मोठ्या अक्षरात दाखवतात, आणि आपण त्यालाच व्यायाम समजायला लागतो. मी शेवटचे दोन महिने तब्येतीसाठी चालतच नव्हतो, आकड्यासाठी चालत होतो. आकडा गेला तेव्हा चालायला कारणच उरलं नाही.

सवय कशी लागते यावर फिलिपा लॅली यांचा लंडनमधला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी बारा आठवडे रोज एक नवी गोष्ट करायची ठरवली, कुणी पाणी प्यायचं, कुणी जेवणाआधी धावायचं. गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण माणसागणिक फरक प्रचंड होता, १८ पासून २५४ पर्यंत, आणि त्यातला २५४ हा गणिताने काढलेला अंदाज आहे. म्हणजे '२१ दिवसांत सवय' असं सांगणाऱ्या रील्स सोडून द्या. याच अभ्यासात माझ्या कामाची गोष्ट दुसरीच निघाली. एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही. माझ्या ॲपचं म्हणणं बरोबर उलटं होतं.

हे आता काही कंपन्यांच्याही लक्षात आलंय. ॲपल वॉचमध्ये २०२४ च्या वॉचओएस ११ पासून रिंग्ज एक दिवस, आठवडा किंवा महिनाभर थांबवून ठेवता येतात, स्ट्रीक न तोडता. आठवड्याच्या वारानुसार वेगळं ध्येयही ठेवता येतं. गूगल फिटमध्ये १५० हार्ट पॉइंट्सचं आठवड्याचं लक्ष्य असतं. भरभर चालण्याच्या प्रत्येक मिनिटाला एक पॉइंट आणि धावण्यासारख्या जोराच्या व्यायामाला दोन.

मी काय बदललं

आधी जे चाललं नाही ते सांगतो. मी जिमची वर्षभराची फी भरली. पैसे भरले की जाऊच, असं वाटलं होतं. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांनी २००६ च्या शोधनिबंधात अमेरिकेतल्या तीन जिमचे ७,७५२ सभासद तपासले होते. महिन्याची फी भरणारे सरासरी महिन्यातून साडेचार वेळाही जात नव्हते. एका वेळचा खर्च त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होता, आणि तिथेच १० डॉलरच्या हिशेबाने पास मिळत होता. मी तर साडेचारलासुद्धा पोचलो नाही.

सकाळी साडेपाचचा अलार्मही चालला नाही. रात्री अकराला अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल असेल तर साडेपाचला कोण उठणार?

चाललं ते 'जर-तर'. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली कल्पना आहे. "मी व्यायाम करेन" असं न ठरवता, "अमुक घडलं की लगेच तमुक करेन" असं ठरवायचं. वेळेवर बांधलेलं काम हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मोडतं, घटनेवर बांधलेलं मोडत नाही, कारण घटना उशिरा का होईना घडतेच. माझी घटना म्हणजे कंपनीच्या बसमधून वाकडला उतरणं. उतरलो की घरी न जाता, पाठीवर बॅग तशीच ठेवून सोसायटीच्या बाहेरून तीन फेऱ्या. वीस मिनिटं. एकदा लिफ्टने वर गेलो की संपलं. सोफा, चार्जर, फोन, मग जेवण. हे मला माझ्याबद्दल चांगलंच ठाऊक आहे, म्हणून भांडण गेटच्या बाहेरच मिटवायचं.

पावसाळ्यासाठी दुसरं 'जर' ठेवलं. पाऊस असेल तर पार्किंगमधून जिन्याने सातव्या मजल्यापर्यंत दोनदा. आणि अगदीच जीव नसेल तर किमान ध्येय: पाच मिनिटं. ते इतकं छोटं ठेवलंय की न करण्याचं कारण सांगताना लाज वाटावी. ताप असेल तर काहीच नाही. तेही यादीत लिहून ठेवलंय.

आणखी एक युक्ती कॅथरीन मिल्कमन यांच्या २०१४ च्या प्रयोगातली. त्यांनी काही जणांना गुंगवून टाकणारी ऑडिओबुक्स फक्त जिममध्येच ऐकायला दिली. सुरुवातीला त्यांचं जिमला जाणं इतरांच्या तुलनेत ५१ टक्क्यांनी वाढलं. मग थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली आणि परिणाम ओसरला. आपल्याकडे ते काम दिवाळी करते. मी एक पॉडकास्ट फक्त चालतानाच ऐकतो. नियम सरळ आहे, घरी ऐकायचा नाही. कान मोकळे राहतील एवढाच आवाज ठेवा, रस्ता आपला नाही.

फोनमध्ये करायच्या चार गोष्टी

पावलं मध्येच मोजायची थांबत असतील तर अँड्रॉइडवर त्या ॲपची 'फिजिकल ॲक्टिव्हिटी' परवानगी चालू आहे का ते बघा. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. बॅटरी वाचवण्याच्या नादात बरेच फोन मागे चालणारी ॲप्स बंद करतात. आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'मोशन अँड फिटनेस' उघडून 'फिटनेस ट्रॅकिंग' चालू करा.

रोजचं ध्येय स्वतः बदला. मागच्या दोन आठवड्यांची सरासरी काढा आणि त्यात हजारभर पावलं मिळवा. माझी सरासरी ३,१०० होती, म्हणून ध्येय ४,००० ठेवलं. कमीपणा वाटला, पण रोज होत होतं.

स्ट्रीकची आणि "तुमचा मित्र पुढे गेला"वाली नोटिफिकेशन्स बंद करा. संपूर्ण ॲप नाही, फक्त तेवढा प्रकार. अँड्रॉइडवर नोटिफिकेशन आलं की त्यावर दाबून धरा, तो प्रकार वेगळा बंद करता येतो. जॉर्डन एटकिन यांच्या २०१६ च्या प्रयोगांत दिसलं होतं की मोजमाप लावल्यावर लोक जास्त चालतात, पण चालण्यातली मजा कमी होते. मी म्हणूनच चालताना आकडा बघत नाही, रविवारी आठवड्याचा आलेख बघतो.

मुलींनी, आणि खरं तर सगळ्यांनीच, मार्ग नोंदवणाऱ्या ॲपमध्ये घराजवळचा भाग लपवावा. स्ट्रावामध्ये 'मॅप व्हिजिबिलिटी' हे सेटिंग त्यासाठीच आहे. २०१८ मध्ये स्ट्रावाच्याच जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्यामुळे लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. तुमच्या घराचं गेट तर त्याहून सोपं.

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर ध्येय ॲपला न विचारता डॉक्टरांना विचारा.

आकडा कुणाला सांगायचा?

लीडरबोर्ड मी सोडला. त्याऐवजी साताऱ्याला बाबांना रोज एक व्हॉट्सॲप मेसेज जातो: "झालं." त्यांनीही त्यांचं चालणं झालं की तेच लिहायचं. पावलं नाहीत, किलोमीटर नाहीत. नाही झालं तर "आज नाही" लिहायचं, कारण विचारायचं नाही. हा नियम बाबांनीच केला.

सध्या चौतिसावा आठवडा चालू आहे. त्यातले पाच आठवडे १५० मिनिटं भरली नाहीत, दोन दिवाळीचे, दोन रिलीजचे, एक घर बदलताना. सहा महिन्यांनी केलेल्या टेस्टमध्ये एचबीएवनसी ५.७ आलं, म्हणजे अजून रेघेवरच. डॉक्टरांनी परत सहा महिन्यांनी बोलावलंय. काल पाऊस होता, मी जिन्याने एकदाच चढलो आणि मेसेज टाकायला विसरलो. साडेनऊला बाबांचा आला, "आज गेलास का रे?"